विमा प्रतिनिधीची परीक्षा : तयारी करताना आलेले अनुभव

आयसी-३८ ही परीक्षा देणारे बरेचजण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून अभ्यास करतात. तयारी कशी केली, कुठे अडलात आणि शिकलेले पुढे कामाला आले का, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

दहावीनंतर पंधरा वर्षांनी मी पुस्तक हाती घेतले. २५ तासांचे प्रशिक्षण झाले, पण प्रशिक्षक 'नॉमिनेशन', 'असाइनमेंट' म्हणत आणि मराठी पुस्तकात 'नामनिर्देशन' (मृत्यूनंतर विम्याचे पैसे कोणाला द्यायचे ते नोंदवणे), 'समनुदेशन' (पॉलिसीचे हक्क दुसऱ्याच्या नावे करणे) असे शब्द असत. त्यामुळे ओळखीची गोष्टही परकी वाटे. शेवटी वहीत दोन रकाने आखून दोन्ही शब्द समोरासमोर लिहिले आणि प्रत्येकापुढे घरातले उदाहरण जोडले. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेच्या नावे समनुदेशित केली तरी आधीचे नामनिर्देशन रद्द होत नाही, फक्त बँकेच्या येण्यापुरता नामनिर्देशित व्यक्तीचा हक्क कमी होतो, हे त्या वहीमुळेच पक्के झाले. एका तासात ५० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के पुरतात. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या बचतीविषयी सल्ला देणाऱ्यासाठी ही मर्यादा मला फार कमी वाटते.

—

मी पहिल्या वेळी नापास झालो. नुसते प्रश्नसंच पाठ केले होते आणि परीक्षेत प्रश्नांची भाषा बदलली. दुसऱ्या वेळी प्रकरणे वाचली आणि संगणकावर सराव केला.

—

मी या परीक्षेकडे वळले ती वडिलांमुळे. त्यांच्या अर्जात मधुमेहाची नोंद करायची 'गरज नाही' असे प्रतिनिधीने सांगितले, वडिलांनी विश्वासाने सही केली, दुसऱ्याच वर्षी ते गेले आणि दावा नाकारला गेला. पुढे परम सद्भावाचे तत्त्व (म्हणजे महत्त्वाची सगळी माहिती प्रामाणिकपणे सांगणे) आणि विमा कायद्याचे कलम ४५ वाचताना मला रडू आले, कारण पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी तिला आव्हान देऊ शकते, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आज अर्ज भरताना मी आजारांचा रकाना सर्वात आधी घेते आणि सहीपूर्वी संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवते.

—

लोक अजूनही 'लायसन्स मिळाले का' असे विचारतात, परंतु २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रतिनिधीची नेमणूक विमा कंपनीच करते. मी तेवढ्यावर न थांबता मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची लायसन्शिएट ही पहिल्या पातळीची परीक्षा दिली. त्यापुढच्या असोसिएट पातळीचा अभ्यास चालू आहे. पहिला ग्राहक कमिशनमधला वाटा मागत होता. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, हे मी त्याला पुस्तक उघडून दाखवले. त्याने त्या दिवशी पॉलिसी घेतली नाही. चार महिन्यांनी स्वतःहून फोन करून पत्नीसह आला.