भेळेवर बिल फाडण्याआधी

'काल रात्री भेळ, आज सकाळी जुलाब, म्हणजे भेळच' असं कुणीतरी म्हटलंय. इतकं सरळ नसतं हो. खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास झाला ते आधी बघायचं. दोन-चार तासांत भडाभडा उलट्या आणि ताप नाही, तर बहुधा स्टॅफिलोकोकस या जंतूचं किंवा शिळ्या भातातल्या बॅसिलस या जंतूचं विष. साल्मोनेला हा जंतू त्रास द्यायला 6 तास ते 6 दिवस घेतो, कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू साधारण 2 ते 5 दिवस. म्हणजे रविवारच्या चिकनचं बिल बुधवारच्या भेळेच्या नावावर!

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम: कधी कधी जुलाबासारख्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण निघाले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यात हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या, अशक्तपणा आला तर थेट हॉस्पिटल गाठा, आणि आधीच्या जुलाबांचं आवर्जून सांगा.

प्रत्येक जुलाबाला कल्चर (शौचाच्या नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) लागत नाही. शौचातून रक्त, सणसणीत ताप, किंवा तीन दिवसांत उतार नाही, तर करावं. माझी फजिती ऐका: घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या आणि मग नमुन्याची डबी घेऊन लॅबमध्ये गेलो. रिपोर्ट निगेटिव्ह. "काका, आधी गोळी घेतली होती का?" लॅबवाल्या ताईंनी बरोब्बर पकडलं. नमुना गोळीच्या आधी द्यायचा. शिवाय रक्त पडतंय पण ताप नाही, असं असेल तर ई. कोलाय या जंतूचा एक प्रकार असू शकतो. त्यात अँटिबायोटिकने किडनीचा धोका वाढू शकतो.