सल्ला हवा: ९ खोल्यांचं लॉज, बाथरूममध्ये भिंतीवरची बाटली लावू की साबणाच्या वड्या आणि पुड्याच ठेवू?

सुपारीबाग

नमस्कार मंडळी,
दापोलीजवळ कर्द्याला आमचं नऊ खोल्यांचं घरगुती लॉज आहे. समोर समुद्र, मागे सुपारीची बाग. स्वयंपाक सासूबाईंकडे, खोल्यांची झाडलोट मी आणि दोन मावशी बघतो.

आजवर प्रत्येक खोलीत १५ ग्रॅमच्या दोन वड्या आणि शाम्पूच्या चार पुड्या ठेवत आलो. परवा वही उघडून बसले. वर्षभरात सगळ्या खोल्या मिळून साधारण ११०० वेळा दिल्या गेल्या. म्हणजे २२०० वड्या आणि ४४०० पुड्या! वडी ५ रुपये, पुडी २ रुपये. खोलीमागे १८, वर्षाचे १९,८००.

पैशांचं एक वेळ सोडा. माणसं शनिवारी येतात, रविवारी अकराला निघतात. वडी जेमतेम एकदा ओली झालेली असते, वर एखादा केस चिकटलेला, आणि मुंग्या लागायच्या आत ती उचलायची. पुडीचं तर विचारू नका. दाताने फाडलेला तो तिकोनी तुकडा नहाणी ट्रॅपच्या जाळीतून बरोबर आत जातो. मे महिन्यात प्लंबरला दोनदा बोलवावं लागलं. एका ट्रॅपमधून अकरा तुकडे निघाले, मी मोजले. बाकी रिकाम्या पुड्या कचऱ्यात देतो, त्यांचं पुढे काय होतं ते संध्याकाळी धुराच्या वासावरून कळतं.

दापोलीतल्या दुकानदाराने दोन कप्प्यांचा, कुलूपवाला, भिंतीवर लावायचा डबा दाखवला. १४०० ला एक, नऊचे १२,६००. शाम्पू आणि बॉडीवॉशचा पाच लिटरचा कॅन साधारण ९०० ला. तुम्ही कुठे राहायला जाता तेव्हा असा डबा बघून बरं वाटतं की नाक मुरडता? खाऱ्या हवेत टिकतो का? कोणी वापरत असेल तर खरं खरं सांगा. सासरे म्हणतात, हॉटेलातून छोटा साबण घरी आणता येत नसेल तर माणूस जाईल कशाला!

कांदेपोहे

सासऱ्यांना साष्टांग. आमच्या आईच्या कपाटात १९९४ पासूनचे हॉटेलातले साबण आहेत, साड्यांना वास लागावा म्हणून. एकही वापरलेला नाही. (हलके घ्या.) धागा वाचतोय.

घाटावरची

पाहुणी म्हणून सांगते. भिंतीवरचा डबा असला की मी स्वतःचा साबण काढते. एका थंड हवेच्या ठिकाणी चांगल्यापैकी हॉटेलात एका कप्प्यावर शाम्पू लिहिलेलं, दुसऱ्यावर बॉडीवॉश, आणि दोन्हीकडून तेच गुलाबी पाणी. केस धुतल्यावर दोऱ्या झाल्या. ते दाबायचं बटणही बुळबुळीत होतं. तेव्हापासून मनात बसलंय की आत काय आहे ते देव जाणे. पुडी निदान माझ्यासमोर फाटते.

तुम्ही लावलात तर स्वच्छ लावा ताई. पिवळा पडलेला डबा बघून चादरींवरचाही विश्वास उडतो.

पाना_पक्कड

माझं कामच हे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

दुकानदार चिकटपट्टीवर लावून देतो म्हणेल, ऐकू नका. कोकणातल्या दमट बाथरूममध्ये ती पट्टी पावसाळा काढत नाही. भरलेला डबा रात्री दोनला खाली येतो आणि पाहुण्यांना वाटतं घरात कोणी शिरलं. स्क्रूच मारा, पण टाइलला साध्या बिटने भोक पाडू नका, तडा जाईल. टाइलचा बिट, हळू गती, ड्रिलचा हॅमर बंद. शक्यतो दोन टाइलच्या सांध्यात भोक घ्या, उद्या डबा काढलात तरी सिमेंटने बुजवता येतं.

स्टील म्हणून जे खपवतात त्याची परीक्षा समुद्राकाठी होते. ३०४ नंबरच्या स्टीलवरही खाऱ्या वाऱ्याने तांबूस ठिपके येतात, ३१६ टिकतं पण महाग. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लास्टिक दोन वर्षांत सोलतं. साधा पांढरा किंवा काळा एबीएस प्लास्टिकचा घ्या. आणि आधी मरते ती पंपाच्या आतली स्प्रिंग, म्हणून सुटा पंप मिळतो का हे डबा घेण्याआधी विचारा. शॉवरच्या थेट खाली लावू नका, झाकणाच्या फटीतून पाणी आत जातं.

बे_एरियातला_बंड्या

इकडे कॅलिफोर्नियात हा प्रश्न कायद्यानेच मिटवलाय. २०१९ साली कायदा झाला. ५० पेक्षा जास्त खोल्या असलेल्या हॉटेलांना १ जानेवारी २०२३ पासून आणि बाकी सगळ्यांना १ जानेवारी २०२४ पासून ६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७७ मिलीपेक्षा लहान प्लास्टिकच्या बाटल्या खोलीत ठेवायला बंदी. न्यूयॉर्कने २०२५ मध्ये मोठ्या हॉटेलांपासून सुरुवात केली. युरोपियन युनियनचा नियम २०३० पासून लागू होणार आहे. मॅरियटने २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की छोट्या बाटल्या बंद केल्या की त्यांच्या हॉटेलांत वर्षाला ५० कोटी बाटल्या वाचतील, म्हणजे १७ लाख पौंड प्लास्टिक.

आता सवय झालीये. सुरुवातीला लोक कुरकुरले, मीही. शाम्पू घरी नेता येत नाही हे खरं दुःख, बोलायचं मात्र स्वच्छतेबद्दल.

तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. इथल्या कायद्यात एक पळवाट आहे, पाहुण्याने मागितली तर छोटी बाटली खोलीबाहेर, म्हणजे काउंटरवर देता येते. शांघायमध्येही १ जुलै २०१९ पासून टूथब्रश, कंगवा वगैरे आपणहून खोलीत ठेवायचे नाहीत, मागितलं तर द्यायचे. मागायला जिना उतरावा लागला की निम्म्या लोकांची गरज संपते.

कांदेपोहे

शंका: आपल्याकडे पुड्यांवर बंदी आली की नाही? मध्यंतरी काहीतरी वाचलं होतं.

बे_एरियातला_बंड्या

केंद्राची १ जुलै २०२२ ची यादी म्हणत असाल तर त्यात स्ट्रॉ, प्लास्टिकच्या थाळ्या, कप, चमचे आहेत. शाम्पूची पुडी नाही. पण प्लास्टिकच्या काडीचे इअरबड आहेत, आणि हॉटेलांच्या छोट्या किटमध्ये ते अजून सर्रास सापडतात. सुपारीबाग, तुम्ही ठेवत असाल तर आधी ते काढा.

लॅबकोट

घाटावरची यांनी बुळबुळीत म्हटलंय तिथेच खरी मेख आहे.

साबणात जंतू कसे वाढतील, असं सगळेच विचारतात. वाढतात. शाम्पूत आणि बॉडीवॉशमध्ये टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं एका ठरावीक तीव्रतेलाच काम करतात. त्यात पाणी मिसळलं की ती पातळ होतात आणि मग डब्याच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा थर धरतो. वरून नवा माल ओतला की त्याला रोज ताजं जेवण. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेतल्या साबणाच्या डब्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरून ओतून भरायचे चौदाच्या चौदा डबे दूषित निघाले, आणि त्या साबणाने हात धुतल्यावर हातांवरचे ग्राम-निगेटिव्ह (जिवाणूंचा एक मोठा गट) जिवाणू २६ पट वाढले. धुतल्यावर वाढले! सीलबंद पिशवी आख्खी बदलायची त्या प्रकारच्या डब्यांत हा त्रास नव्हता. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तर २००२ मध्येच दवाखान्यांना बजावलं होतं की अर्धवट भरलेल्या डब्यात वरून साबण ओतू नका.

घाबरून जाऊ नका. धडधाकट माणसाचं यात सहसा काही बिघडत नाही. पण तुमच्याकडे उद्या केमोथेरपी चालू असलेलं कोणी येईल, ऑपरेशनचे टाके ताजे असलेलं येईल, ते तुम्हाला सांगणार नाहीत.

म्हणून डबा की पुडी हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. ओतणार कोण, आणि कसं?

सुपारीबाग

बाप रे. लॅबकोट, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या बेसिनजवळच्या हँडवॉशच्या बाटल्या बघून आले. धाकट्या मावशी तळाशी उरलं की नळाचं पाणी घालून हलवतात. चांगल्या भावनेने, वाया जाऊ नये म्हणून. मीही घरी तेच करते. आता काय, दर वेळी उकळत्या पाण्याने धुवायचं?

लॅबकोट

उकळत्या पाण्याने पंप वाकडा होईल. आणि थर एकदा पक्का बसला की नुसत्या धुण्याने पुरता जात नाही, म्हणून तो बसूच न देणं सोपं. बाटल्यांचे दोन जोड ठेवा. एक खोलीत, दुसरा धुऊन उलटा, ठणठणीत कोरडा. बाटली रिकामी झाली की पूर्ण बदला. धुताना पंपातूनही गरम पाणी चार-पाचदा काढा, घाण तिथेच बसते. पाणी घालून हलवायचं नाही, म्हणजे नाही. वर्षा-दीड वर्षाने बाटल्या फेकून नव्या.

दोन कप्प्यांचा भिंतीत पक्का केलेला डबा यात बसत नाही. तो काढून धुणार कसा? भिंतीवरच्या कुलूपवाल्या कंसात (ब्रॅकेटमध्ये) बसणारी सुटी पंपाची बाटली बघा.

तिठा

तारकर्लीजवळ आमच्या सहा खोल्या आहेत, तिसरं वर्ष चालू आहे. लॅबकोट म्हणतात तशाच ३०० मिलीच्या बाटल्या, कंसात, वर कुलूप. चार गोष्टी सांगतो.

हिशोब कागदावर सुंदर दिसतो. तुमच्या ११०० वेळांना खोलीमागे ५० मिली धरलं तर ५५ लिटर, म्हणजे ११ कॅन, ९,९००. निम्मे पैसे वाचले असं वाटतं. पण पोरं पंप दाबत बसतात. समुद्रावरून आलेलं दहा वर्षांचं पोर आख्ख्या अंगाला शाम्पू लावतं, भिंतीलाही. पहिल्या मेमध्ये आमचा खप दीडपट झाला. मग एका दाबात कमी माल येणारे पंप लावले, तेव्हा कुठे ताळ्यावर आला.

दुसरं पाण्याचं. तुमची बोअर मचूळ असेल तर वडीला फेस येतच नाही, पाहुणा चार वेळा घासतो आणि अंगावर पांढरट चिकटा राहतो. बॉडीवॉश त्या पाण्यातही फेसतो. हे एकच कारण आम्हाला पुरलं.

पण वडी पूर्ण बंद केली नाही. ज्येष्ठ मंडळींना बाटलीतलं पातळ अंगाला लावून आंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही. कागदात गुंडाळलेली वडी काउंटरवर ठेवतो, मागेल त्याला. उरलेल्या वड्या पायपुसणी धुवायला.

आणि हो, बचत गटाचे नारळतेलाचे साबण ठेवावेत असं सगळे सुचवतील. छान असतात. पण अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, बनवणाऱ्याकडे परवाना आहे ना एवढं बघून घ्या.

घाटावरची

तिठा, तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय? मला तेच हवं असतं. कोणता शाम्पू, कधी भरला.

तिठा

कंपनीचं नाव आणि भरल्याची तारीख. मार्करने लिहायचो तर ओल्या हाताने पुसून जायची. आता कागदी लेबल, वर पारदर्शक चिकटपट्टी. बाटलीही अर्धपारदर्शक घेतो, म्हणजे रंग दिसतो. तुमच्यासारख्या दोघी-तिघींनी विचारलं तेव्हा हे सुचलं, श्रेय तुमचंच.

पाना_पक्कड

+१. सुट्या बाटलीचा कंस म्हणजे दोनच स्क्रू. माझी मजुरी कमी झाली, पण मान्य.

सुपारीबाग

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. नऊच्या नऊ न करता आधी दोन खोल्यांत लावलं. कंस सांध्यात, शॉवरच्या समोरच्या भिंतीवर. बाटल्यांचे दोन जोड. तारीख मावशीच लिहितात, आणि पाणी घालताना त्यांनीच मला रंगेहाथ पकडलं.

दोन्ही ट्रॅप उघडून बघितले, एकही तुकडा नाही. काउंटरवर वडी मागायला या दिवसांत चौघं आली, चौघंही साठीच्या पुढची. पुडी एकीने मागितली, ट्रेनमध्ये लागेल म्हणून.

एक फजिती मात्र झाली. गेल्या रविवारी तीन नंबरच्या खोलीतली शाम्पूची बाटली आख्खी गेली, कंस जागच्या जागी. कुलूप लावायचं मीच विसरले होते. सासरे खूश आहेत. म्हणतात, बघ, चांगला माल ठेवला की माणूस नेतोच.

उरलेल्या सात खोल्यांचं दिवाळीनंतर बघू. घरात सहाशे पुड्या पडून आहेत, त्या आधी संपवायच्या आहेत. तिठा, कमी माल सोडणारे पंप कुठून घेतलेत? व्यक्तिगत निरोप करता का?