मदत हवी आहे: आईला ‘फिडलर ऑन द रूफ’ दाखवायचंय

मंडळी, मी यूकेत राहते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये 2024 साली जॉर्डन फाइनने नव्याने बसवलेलं ‘फिडलर ऑन द रूफ’ हे संगीत नाटक मी पाहिलं. गव्हाचं शेतच वर उचललं जाऊन छप्पर होतं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. प्रयोग पुन्हा बघायला मिळाला तर आईला न्यायचंच, असं ठरवलंय. तिला भरभर बोललेलं इंग्रजी कळत नाही, म्हणून आधी मराठीत थोडी टिपणं करून द्यायची आहेत.

गोष्ट सोपी आहे: 1905 चा झारशाही रशिया, ज्यू दूधवाला तेव्ये आणि आपापला जोडीदार स्वतः निवडणाऱ्या त्याच्या मुली. अडतंय ते ज्यू विधींपाशी. आई अलिबागची, शनवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या, शेजारात वाढलेली; तिला त्यांचेच शब्द जवळचे वाटतील. ग्रुपवर कुणी बेने इस्रायली असेल तर कृपया सांगा, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावताना घरात मराठीत काय म्हणायचात? लग्नातल्या मांडवाला आणि पेला फोडण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

आणि 1971 चा सिनेमा आधी दाखवू का? मला वाटतं, नको. तिसऱ्या मुलीशी, हावाशी, बाप बोलणं तोडतो, ते आईने पहिल्यांदा रंगमंचावरच बघावं.