बर्फाची सवय नसलेल्या शहरात बर्फ पडला तर (अनुभव धागा)

कोल्हापुरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर वळवाबरोबर पत्र्यावर ताशा वाजवत येणाऱ्या गारा. अर्ध्या तासात दोन्हींचं पाणी. पण पेठांतल्या कितीतरी घरांतली पोरं आता अमेरिकेत, टेक्सासातल्या डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडं नाहीतर अटलांटाकडं आहेत. ही गावं उन्हाळ्यात चांगलीच तापतात आणि काही वर्षांतून एकदा बर्फाखाली सापडतात. फेब्रुवारी 2021 मध्ये डॅलसचा पारा उणे 19 सेल्सिअसवर गेला. 21 जानेवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर 8 इंच बर्फ साचला. नळ, वीज, गाडी, झाडं यातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहावं. ‘आम्ही कसे अडकलो’ नको. काय करायचं, किती, आणि कुठं चुकतं तेवढं सांगा.

बर्फ कारखाना, शिरोली

बर्फानं पाइप फुटतो हे अर्धंच खरं आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. कारखान्यात डबे काठोकाठ भरत नाहीत आणि त्यांचं तोंड उघडं असतं, म्हणून बर्फ वर चढतो, डबा शाबूत राहतो. घरातल्या पाइपला ही मोकळीक नाही. एका जागी बर्फाचा बोळा बसतो, वाढत जातो, आणि बोळा व बंद नळ यांच्यामधल्या पाण्याला दाबत नेतो. त्या पाण्याला जायला वाट नसते. पाइप बहुतेक वेळा फाटतो तो तिथं, बोळा बसला तिथं नव्हे. नळ बारीक सोडून ठेवायचा तो मुख्यतः दाब निघून जावा म्हणून. धार चालू असतानाही बोळा बसू शकतो.

मिठाचंही तसंच. टाकीतलं मिठाचं पाणी उणे 10 च्या आसपास असूनही वाहतं आणि त्यात उभ्या डब्यांतलं गोडं पाणी गोठतं. रस्त्यावर मीठ पसरतात ते याच गुणावर. पण साधं मीठ उणे 9-10 च्या खाली फार सावकाश चालतं. मग वाळू बरी. ती वितळवत नाही, पण पकड देते. दारातल्या पायऱ्यांनाही हेच. त्यांच्यावर गरम पाणी ओतू नका, दहा मिनिटांत काच होते.

प्लंबिंग कंत्राटदार, राजारामपुरी

टेक्सासातली घरं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली. पाणी माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतीच्या पोकळीतून फिरतं. बाहेर उणे 7 च्या खाली गेलं की बिनगुंडाळलेल्या पाइपला धोका, असा तिकडचा ठोकताळा आहे.

सगळ्यात आधी मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यात असतो आणि फिरवायला लांब दांड्याची चावी लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण वादळाच्या आदल्या दिवशी नाही मिळत. बागेच्या नळाची रबरी नळी काढून टाका. ती तशीच राहिली तर न गोठणारा म्हणून विकलेला नळसुद्धा आतून फुटतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, खोलीची ऊब पाइपपर्यंत जाते. बाहेरच्या भिंतीवरचे नळ पेन्सिलीच्या शिसाएवढे सोडा, गार आणि गरम दोन्ही. गरमचा विसरतात आणि तोच फुटतो.

हे सगळं घरात ऊब आहे तोपर्यंत. वीज जाऊन घर थंड पडलं की धारेवर भरवसा नको. पाणी तापवायच्या हीटरचा स्विच किंवा गॅस आधी बंद करा, कारण कोरड्या टाकीत कॉइल जळते. मग मेन बंद, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा, फ्लश ओढा. हीटरच्या टाकीत दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी असतं, ते खालच्या कॉकमधून बादलीत घ्या; फ्लशला चालतं.

गोठलेला पाइप मोकळा करताना नळ उघडा ठेवून नळाच्या टोकाकडून सुरुवात करा. केस वाळवायचं यंत्र किंवा गरम पाण्यात पिळलेलं फडकं. ब्लो लँप अजिबात नको, तिकडच्या भिंती लाकडाच्या असतात. आणि मेन एकदम उघडू नका. चीर बर्फानं बुजलेली असते, वितळल्यावरच वाहायला लागते.

पाणीपुरवठ्यातले निवृत्त, शिंगणापूर

वरचं एका घरापुरतं बरोबर, पण गावाचं गणित वेगळं. सगळ्यांनी नळ सोडले, त्यात फुटलेले पाइप, वर पंपांना वीज नाही, की वाहिनीतला दाब जातो. दाब गेला की बाहेरची घाण आत शिरू शकते. 2021 मध्ये ह्यूस्टन, ऑस्टिन दोन्हीकडं पाणी उकळून प्या म्हणून सांगावं लागलं ते यामुळं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली, गावाभोवती पाणी आणि नळाला थेंब नाही. वादळाची सूचना आली की बाथटब भरून ठेवा, आणि पिण्याचं माणशी रोजी 4 लिटर धरून चार दिवसांचं वेगळं.

साखर कारखाना, इन्स्ट्रुमेंट विभाग, कागल तालुका

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज का गेली यावर सगळे पवनचक्क्यांना शिव्या घालतात. पवनचक्क्या थांबल्या, हे खरं. पण गॅसच्या विहिरी, गॅसवरची आणि कोळशावरची केंद्रं, सगळंच गारठलं होतं, आणि सर्वांत मोठी तूट गॅसकडची. बॉयलरवर काम करणाऱ्याला कारण लगेच कळेल. प्रेशर आणि लेव्हल मोजायला बोटाएवढ्या बारीक नळ्या असतात, त्यांना इम्पल्स किंवा सेन्सिंग लाइन म्हणतात. त्यातलं पाणी वाहत नाही, उभं असतं. तेच आधी गोठतं. मग ट्रान्समीटर, म्हणजे मोजमाप कळवणारं यंत्र, खोटं रीडिंग देतो आणि संरक्षण यंत्रणा वीज बनवणारा चालू संच बंद पाडते. 15 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे दक्षिण टेक्सासातली सुमारे 1300 मेगावॉटची अणुभट्टी अशीच बंद पडली: पाणी पुरवणाऱ्या पंपाची सेन्सिंग लाइन गोठली. गरम मुलखात उष्णता निघून जावी म्हणून टर्बाइन, बॉयलर उघड्यावर ठेवतात. इन्सुलेशन आणि लाइनवर गुंडाळायची हीटिंग टेप हा खर्च तिकडं फाजील वाटतो. वाटतो तोवर.

वीज वितरणातले, उद्यमनगर

त्याच वेळी मागणी उसळली. तिथं बऱ्याच घरांत एसी उलटा फिरवून ऊब घेतात. कडाक्यात तो पुरत नाही आणि आतली कॉइल चालू होते, एका घराला 10 किलोवॉटसुद्धा. मागणीला वीज कमी पडली की जाळ्याची वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, घसरते. ती 60 हर्ट्झवरून 59.4 च्या खाली गेली. तशी 9 मिनिटं राहिली असती तर संच आपोआप सुटून अख्खं जाळं बसलं असतं. 4 मिनिटं 23 सेकंदांत सावरली. त्यासाठी भार तोडावा लागला. आपल्या भारनियमनासारखी पाळी लावायची होती, पण दवाखान्यांचे फीडर (उपकेंद्रातून वस्तीकडं जाणाऱ्या वाहिन्या) वगळल्यावर फिरवायला फीडरच उरले नाहीत. ज्यांची गेली त्यांची दिवसेंदिवस गेलेलीच.

गोठणाऱ्या पावसाचा प्रकार निराळा. थेंब पाणी म्हणून पडतो आणि तारेला लागताच बर्फ होतो. एक सेंटिमीटर जाडीच्या तारेवर चोहोबाजूंनी 1.3 सेंटिमीटर थर बसला तर मीटरमागं साधारण 860 ग्रॅम वजन. दोन खांबांमधल्या 50 मीटरच्या गाळ्याला 43 किलो. त्यात फांदी पडली की संपलं. ऑस्टिनमध्ये फेब्रुवारी 2023 ला हेच झालं. तिथले ओक हिवाळ्यातही पानं धरून असतात, म्हणजे बर्फाला टेकायला हजारो जागा. बर्फ झाडायला फांद्या हलवू नका, कडक झालेली फांदी मोडते. आणि पडलेल्या तारेपासून 10 मीटर लांब.

जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर. गॅरेजचं शटर उघडं असलं तरी आत नको. कोळशाची शेगडी घरात नको, गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून ऊब घेणंही नको. या सगळ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून सॉकेटमधून घराला वीज देण्याचा जुगाड तर नकोच. खांबावर चढलेला वायरमन त्यानं मरतो.

ट्रान्सपोर्टवाले, गांधीनगर

गाडी काढू नका, एवढंच. तरी काढणाऱ्यांसाठी: पूल आधी गोठतो, त्याला खालूनही वारा लागतो. 11 फेब्रुवारी 2021 ला फोर्ट वर्थच्या महामार्गावर 133 गाड्या एकमेकींवर आदळल्या, 6 माणसं गेली. घसरली तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, जायचंय तिकडं चाक वळवा.

अटलांटात 28 जानेवारी 2014 ला दोन-अडीच इंचच बर्फ होता. शाळा, कचेऱ्या एकाच वेळी सुटल्या, रस्ते तुंबले आणि मिठाचे ट्रक त्याच गर्दीत अडकले. पोरं रात्रभर शाळेत. मिठाचं पाणी शिंपायचं ते बर्फ पडायच्या आधी: 100 लिटर पाण्याला 30 किलो मीठ. मात्र सुरुवात पावसानं होणार असेल तर वाहून जातं, तेव्हा थांबायचं.

इकडच्या आईवडिलांसाठी, मंगळवार पेठ

टेक्सासची घड्याळं हिवाळ्यात साडेअकरा तास मागं. तिथली सर्वांत थंड वेळ पहाटे 5 ते 7, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेचार ते साडेसहा. त्या वेळी काळजीनं व्हिडिओ कॉल लावू नका, बॅटरी संपते आणि चार्जिंगला वीज नसते. मेसेज टाका: मेन बंद केला का, शेगडी बाहेर आहे का, कोणत्या खोलीत झोपताय. सगळ्यांनी एकाच खोलीत, दाराखाली टॉवेल लावून. उत्तर ‘हो’ आलं की फोन ठेवा.