मुलीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू? आणि ते आपण ठरवायचं का मुळात?

वसईची_सून
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर साताऱ्याचं, घरी मराठा, वर्षाआड जेजुरी ठरलेली. नवरा वसईचा कॅथलिक. 13 वर्षांपूर्वी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली रजिस्टर लग्न केलं, कुणी काही बदललं नाही. मुलगी आता 9 ची आहे. ती झाली तेव्हा सासूबाईंना बाप्तिस्मा करायचा होता आणि माझ्या आईला बारसं, जावळ सगळं साग्रसंगीत हवं होतं, तर आम्ही दोघांनी दोन्हीकडे नाही म्हणून सांगितलं की मोठी झाली की तिचं ती ठरवेल. (बारसं शेवटी झालंच, आईने घुगऱ्या वाटल्याच. त्याला धर्म म्हणायचं की नाही यावर नवरा अजून वाद घालतो.)

आता शाळा बदलतोय. आधीच्या शाळेत धर्माचा रकाना रिकामा सोडला होता, कुणी हूं की चूं केलं नाही. इथे क्लार्कने फॉर्म परत माझ्या हातात दिला, म्हणाला मॅडम रिकामं सिस्टीम घेत नाही, वडिलांचा टाका ना, सगळे वडिलांचाच टाकतात. मुलगी शेजारीच उभी. बाहेर आल्यावर रिक्षात विचारते, मग माझा कुठलाय? मी म्हटलं तू मोठी झाल्यावर ठरव. तर म्हणे पण रिया म्हणते मी हाफ-हाफ आहे, हाफ-हाफ असतं का?

गंमत म्हणजे रस्त्यात देऊळ लागलं की ही आधी हात जोडते आणि मग त्याच हाताने कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रॉस पण करते. कुणी शिकवलं नाही, एक माझ्या आईचं बघून आणि एक सासूबाईंचं बघून. दिवाळीत साताऱ्याला करंजी खाते आणि नाताळात वसईला नेवरी, आणि दोन्हीकडे सांगते की हे तर तिकडे पण असतं.

फॉर्मचं काहीतरी करीनच. पण आम्ही जे 'ती ठरवेल' म्हणून सोडून दिलं ते खरंच सोडलं का, की आपोआप काहीतरी ठरतच चाललंय आणि आम्हाला पत्ता नाही? तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं आहे का?

अण्णा_पेठेतले
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मूल अधांतरी ठेवू नये. भाषा निवडायला देतो का आपण? मराठी बोलतो, ते मराठी बोलतं. धर्म पण तसाच. एक काहीतरी ठाम द्या, पुढे नाही पटलं तर सोडेल.

माझी मुंज झाली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आठवं वर्ष. मुंज झाली की सायकल मिळणार होती म्हणून मी तयार होतो, एवढीच काय ती माझी श्रद्धा. सायकल गेली भंगारात, संध्या पण चार महिन्यांत सुटली, पण भीमरूपी अजून तोंडपाठ आहे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना तेच तोंडात आलं. हे निवडून येत नाही हो.

वकीलीण_ठाणे
आधी कागदाचं बोलते कारण त्यात लोकांचे खूप गैरसमज असतात.

'बापाचा तोच मुलाचा' ही सवय आहे, कायदा इतका सरळ नाहीये. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 2 च्या स्पष्टीकरणात आहे की आईबापांपैकी एकच जण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असेल आणि मूल त्या पालकाच्या समाजात किंवा कुटुंबात त्यांच्यातलंच म्हणून वाढवलं असेल तर ते हिंदू कायद्याखाली येतं. म्हणजे नुसता जन्म बघत नाहीत, वाढवलं कसं तेही बघतात. जातीचंही तसंच, 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने रमेशभाई नाईका केसमध्ये सांगितलं की आई आदिवासी आणि बाप पुढारलेल्या जातीतला असेल तर मूल बापाच्या जातीचं असं गृहीत धरता येईल, पण मूल आईच्या समाजात वाढलं हे दाखवून ते खोडता येतं.

आणि धर्म नाहीच म्हणायचं असेल तर तोही हक्क आहे. सप्टेंबर 2014 चा मुंबई हायकोर्टाचा निकाल आहे, न्या. ओक आणि न्या. चांदुरकर यांचा. काही जणांना गॅझेटमध्ये 'धर्म नाही' अशी नोंद हवी होती, सरकारी छापखान्याने नाकारली होती. कोर्ट म्हणालं की घटनेच्या कलम 25 मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कुठलाच धर्म न मानणं पण येतं, आणि धर्म सांगाच अशी सक्ती सरकारला करता येत नाही. क्लार्कला एक अर्ज द्या, त्यात या निकालाचा उल्लेख करा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी बोलू नका, तोंडी बोललं की 'सिस्टीम घेत नाही'च ऐकायला मिळतं.

अजून एक, तुमचं लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टचं आणि दोघं दोन धर्मांचे, म्हणजे तुमच्या दोघांच्या मालमत्तेचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने जाणार. त्यात मुलगी कुठल्या धर्माची याने तिच्या वाट्याला धक्का लागत नाही. सासरच्यांनी भीती घातली असेल तर डोक्यातून काढून टाका.

निवडीचं विचाराल तर 9 एप्रिल 2021 ला सुप्रीम कोर्टात धर्मांतराविरुद्धची एक याचिका आली होती तेव्हा न्या. रोहिंटन नरिमन म्हणाले होते की 18 वर्षांवरच्या माणसाला स्वतःचा धर्म का निवडता येऊ नये याचं काही कारण दिसत नाही. 18 च्या आत मात्र सह्या पालकांच्याच चालतात, त्यात वाद नाही.

निळी_पहाट
अण्णांचं भाषेचं उदाहरण वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरी धर्म निवडला गेलेला आहे, आणि तो कुठल्या दिवशी निवडला तो दिवस पण घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

13 ऑक्टोबर 1935, येवला. बाबासाहेब म्हणाले हिंदू म्हणून जन्मलो, तो माझ्या हातात नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर 21 वर्षं गेली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर. माझे आजोबा तेव्हा पंचविशीत असतील, गावातून चौघंजण गेले, परत आले ते 22 प्रतिज्ञा घेऊन आणि आल्या आल्या देव्हारा उतरवला. देवांचे धातूचे टाक, तसबिरी, म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड सगळं टोपलीत घालून नदीला. आजीला कुणी विचारलं नाही. तिने खंडोबाचा एक टाक पदराला गाठ मारून ठेवला, नंतर तो तांदळाच्या डब्यात गेला आणि ती गेल्यावर 1998 ला डबा रिकामा करताना माझ्या आईला सापडला. आजोबा तेव्हा होते. टाक हातात घेऊन बराच वेळ बसले, काही बोलले नाहीत, आणि स्वतःच्या हाताने परत डब्यात ठेवला.

आता यात निवड कुणी केली? आजोबांनी केली. जिवावर उदार होऊन केली, गावाने बलुतं बंद केलं, तरी केली. आजीवर ती लादली गेली. माझ्या वडिलांना बुद्ध आयता मिळाला, जसा तुमच्याकडे गणपती मिळतो तसा. आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तरीही 'हिंदू महार'च, कारण तेव्हा केंद्राच्या सवलती बौद्ध लिहिलं की जायच्या, त्या 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. म्हणजे घरात त्रिशरण आणि कागदावर हिंदू. आमच्यात अशी कितीतरी घरं आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात साधारण 84 लाख बौद्ध आणि त्यातले 65 लाख महाराष्ट्रात, आणि यातल्या बहुतेकांनी आज स्वतः काही निवडलेलं नाही, ते जन्मले तसे आहेत. मी पण त्यातलाच.

मला याचं वाईट वाटत नाही. पण माझी मुलगी 16 ची आहे, ती विहारात यायला कंटाळते, आणि मला राग येतो तेव्हा माझी बायको विचारते की तुझ्या आजोबांनी बापाचा धर्म सोडला त्याचा अभिमान आणि पोरीने नुसती रविवारची वंदना चुकवली तर डोकं फिरतं का? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

अण्णा_पेठेतले
टाक परत डब्यात ठेवला हे वाचून गप्प झालो बुवा.

मधली_सुट्टी
मी 'तिचं ती ठरवेल' वाल्या घरातली आहे म्हणून लिहिते. वय 23. आईबाबा दोघंही अंनिसचे, अगदी सुरुवातीपासून. घरी देवघर नाही, बारसं नाही, दाखल्यावर धर्म आहे पण तो आजोबांनी लिहिलेला. मला लहानपणी खूप भारी वाटायचं, वर्गात मी एकटीच अशी.

मग पुण्यात हॉस्टेलला आले. पहिल्याच गणपतीत मुलींनी खोलीत मूर्ती बसवली, आरती सुरू झाली आणि सगळ्या सुखकर्ता दुःखहर्ता म्हणताहेत आणि मी नुसते ओठ हलवतेय. मला शब्दच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये मोबाईल लावून पाठ केली. मला देव मानायचा नव्हता, अजूनही मानत नाही, पण तिथे न येणं म्हणजे मी काही वेगळी विचारवंत नव्हते, मला फक्त माहीत नव्हतं. आईला फोन केला तर ती हसली आणि म्हणाली मला तर सगळ्या आरत्या येतात, मंत्रपुष्पांजलीसकट. मला इतका राग आला. तिने सगळं शिकून मग सोडलं आणि मला सोडलेलंच हातात दिलं.

तुमची मुलगी हात पण जोडते आणि क्रॉस पण करते ना, ती माझ्यापेक्षा श्रीमंत आहे. चर्चमध्ये काय गातात आणि जेजुरीला भंडारा का उधळतात दोन्ही कळू दे तिला. रकान्याचं तुम्ही बघा.

जुनी_रद्दी
हा प्रश्न मुंबईत 1843 ला कोर्टात गेलेला आहे. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडेच राहत होता, तो अजून अजाण. बाप कोर्टात गेला आणि मुलगा वयात आलेला नाही म्हणून कोर्टाने बापाच्या ताब्यात दिला. झालं? नाही, इथूनच खरी गोष्ट सुरू होते. पोरगा घरी आला तर जात घेईना. मिशनऱ्यांच्या घरी जेवला, बाटला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मध्ये पडले, प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्या म्हणाले, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींवरच बहिष्काराची भाषा सुरू केली.

म्हणजे बघा, मिशन म्हणतं पोराने निवडलं, बाप म्हणतो पोर माझं, कोर्ट म्हणतं वय नाही, जात म्हणते आता आमचा नाही. श्रीपतला काय हवं होतं त्याची चर्चा या सगळ्यात कमीत कमी.

दादर_पारशी_कॉलनी
आमच्या शेजारणीकडे नातवाची नवजोत झाली परवा, म्हणजे पारश्यांची मुंजच म्हणा, 8 वर्षांचा, सुद्रा (आतला पांढरा सदरा) आणि कुस्ती (कमरेची पवित्र दोरी) घालून ऐटीत फिरत होता. तिच्या मुलीच्या मुलाची मात्र होऊ शकली नाही, जावई पारशी नाही. मुलाच्या बायकोचं कुणी बघत नाही. 1908 च्या मुंबई हायकोर्टाच्या पेटिट विरुद्ध जीजीभॉय निकालापासून तेच चाललंय, बाप पारशी आणि आई बाहेरची तर मूल घेता येतं, उलट असेल तर नाही. म्हातारी दोन्ही नातवंडांना एकाच ताटात रवो भरवते आणि अग्यारीत एकालाच नेते. ते दुसरं पोरगं बाहेर चप्पल सांभाळत बसतं, मी स्वतः पाहिलंय.

वसईची_सून
सगळ्यांचे आभार. टाक आणि चपला, दोन्ही डोक्यातून जात नाहीयेत.

काल रात्री सासूबाईंना फोन केला, म्हटलं हिला खरंच काही द्यायचं राहून गेलं का. मला वाटलं आता बाप्तिस्म्याचं काढतील. तर म्हणाल्या, अगो ती माझ्याबरोबर रोझरी म्हणते की, अर्धी म्हणते आणि झोपते, मी पण लहानपणी अर्धीच म्हणायचे. मग हळूच विचारलं, मोठी होऊन तिने आमच्यातलं काहीच घेतलं नाही तर? मी म्हटलं माझ्या आईलाही हीच भीती आहे. दोघी एकमेकींशी हे कधी बोलल्या नाहीत, 13 वर्षांत.

वकीलताई, अर्ज लिहिलाय तुम्ही सांगितला तसा, निकालाचं नाव टाकलंय. नवरा म्हणतो 'धर्म नाही' लिहिलं तर ते पण आपण तिच्यावर लादल्यासारखंच, त्यापेक्षा दोन्ही लिहू, मध्ये तिरकी रेघ मारून. मुलीला विचारलं तर ती म्हणाली रेघेच्या कुठल्या बाजूला कुठलं लिहिणार ते आधी सांगा. सोमवारी फॉर्म देणार आहे, क्लार्कची सिस्टीम काय म्हणते ते इथेच येऊन सांगते.