युनियन म्हणजे फक्त संप का? माथाडी कायदा, हमाल आणि आपलं पुणं

भवानीपेठकर:
परवा दुसऱ्या एका चर्चेत तीन-चार जणांनी एकच सूर लावला होता, की युनियननी मुंबईच्या गिरण्या घालवल्या, आता पुण्याच्या कारखान्यांच्या मागे लागल्यात, माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्या कामगारांचा कायदाच रद्द करा म्हणजे विषय मिटला. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मला एवढंच म्हणायचंय की पुण्यात हातावर पोट असलेल्या माणसाचं घर उभं राहिलं ते संघटनेमुळे राहिलं, मालकाच्या चांगुलपणामुळे नाही. हमालाचं काम बघा ना. सकाळी एका गाळ्यावर ट्रक खाली करायचा, दुपारी दुसऱ्याकडे थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल भरायचा. मग त्याचा मालक कोण? प्रत्येक व्यापारी म्हणणार माझा नाही बुवा. मालकच नाही म्हटल्यावर फंड नाही, रजा नाही, कंबर गेली की गावाला जा. 1969 च्या माथाडी कायद्याने नेमकी हीच गाठ सोडवली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार तिघंही. इतका साधा, हुशारीचा कायदा मला तरी दुसरा माहीत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि इकडे बाबा आढाव, यांच्या मागे हजारो हमाल उभे राहिले म्हणून तो आला आणि टिकला.

आणि हमाल पंचायत, म्हणजे बाबा आढावांची इथल्या हमालांची संघटना, नुसती मजुरी मागून थांबली नाही. एकटा राहणारा हमाल हॉटेलात खाऊन कर्जात जायचा, तर 1974 मध्ये कष्टाची भाकर हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं, ना नफा ना तोटा. भाकरी, झुणका, ठेचा, पोटभर. आजही रिक्षावाले, विद्यार्थी, पेशंटचे नातेवाईक तिथे जेवतात, त्यांना कोणी विचारत नाही तू मेंबर आहेस का. पतपेढी काढली, हमालांसाठी घरं झाली, शंभर किलोचं पोतं 50 किलोवर आणायला वर्षानुवर्षं भांडले. रद्द करा म्हणणाऱ्यांनी एकदा शंभर किलो पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढून बघावं.

आडत_तिसरीपिढी:
भाऊ, मी भुसारातला माणूस आहे, आजोबांपासूनचा गाळा, त्यामुळे फळी आणि पोतं मला सांगू नका, लहानपणापासून बघतोय. हमालाला फंड मिळावा याला माझा अजिबात विरोध नाही, लेव्ही मी वेळेवर भरतो. माझा विरोध मक्तेदारीला आहे. हमालांची टोळी ठरलेली, दर ठरलेला, माझा माल माझ्या पोराने उतरवायचा म्हटलं तरी हमाली द्यायचीच. वाराईचं तर विचारूच नका, बाहेरून आलेल्या ड्रायव्हरकडून गाडी खाली करायचे रोख पैसे घेतात, पावती मागितली तर गाडी तशीच उभी ठेवतात, आणि तो बिचारा पुढच्या भाड्याला उशीर नको म्हणून देऊन मोकळा होतो. तोही कष्टकरीच आहे ना? त्याच्या घराचं काय?

आणि चाकण-तळेगाव पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली जे चालतं ते सगळ्यांना माहितीये. गेटवर चार गाड्या येऊन उभ्या राहतात, आमची पोरं कामाला घ्या नाहीतर घरबसल्या पगार चालू करा. तिथे पोलिसांना खंडणीचे गुन्हे दाखल करावे लागले. लहान कारखानदार यांच्यापुढे काय करणार?

भवानीपेठकर:
ती टोळकी माथाडी नाहीत हो. मंडळात नोंद नाही, पाठीवर कधी पोतं घेतलं नाही, यांना माथाडी म्हणणं हा खऱ्या हमालाचा अपमान आहे. खंडणीखोरांना आत टाका असं माथाडी संघटनाही जाहीर म्हणतायत. 2023 ला माथाडी कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा विरोध याच मुद्द्यावर झाला, की गुंडांचं कारण पुढे करून कायद्याचाच कणा मोडू नका. मंडळाची यादी गेटवर लावा, नोंदणी नंबर तपासा, नाव नसेल तर पोलीस. त्यासाठी कायदा रद्द कशाला करायचा?

परळकरीण:
मी गिरणगावात वाढले म्हणून लिहिते, आणि मला वाईट बोलायचं नाहीये पण तुम्ही फार गोड चित्र काढताय. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. तो संप कधी मागे घेतला गेलाच नाही, अधिकृतपणे संपलाच नाही! आमच्या चाळीत दर दुसऱ्या दारात गिरणी कामगार. पहिले दोन महिने सगळे जोशात, मग भांडी विकली, मग मंगळसूत्र, मग गावाहून तांदूळ यायचा त्यावर दिवस काढले. आईने खाणावळीच्या पोळ्या लाटायला घेतल्या, रात्री पापड. मोठ्या भावाची शाळा सुटली ती सुटलीच. त्या काळात पुढाऱ्यांनी घराघरात येऊन विचारलं का, की बाई तुझ्या डब्यात पीठ किती दिवसांचं आहे? संप पुकारणाऱ्याकडे मागे फिरायचा रस्ता असला पाहिजे. तो नसेल तर त्याने अडीच लाख संसार पणाला लावू नयेत.

कामगारवस्ती:
ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण दोष संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या एकट्याच्या माथी नको. 1946 च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याने मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार सगळे डॉक्टरांच्या मागे आणि मालक-सरकार म्हणणार आम्ही बोलणार फक्त मान्यताप्राप्त युनियनशी. मागे फिरायचा रस्ता बंद केला तो कायद्याने. आणि मालकांना तरी गिरण्या चालवायच्या होत्या का? जमिनीचा भाव दिसत होता. 1991 ला गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम आला, एक तृतीयांश शहराला मोकळी जागा, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 ला त्यात बदल करून वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती ठेवली. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत. ही जमीन संपाने खाल्ली का?

परळकरीण:
कायदा 1946 चा होता ना? मग 1982 ला उतरताना तो माहीत नव्हता का? मालक वाईट होते हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी एवढंच म्हणतेय की पुढारी आपला म्हणून त्याला हिशोब विचारायचा नाही, हे आम्ही भोगलंय. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आलेत, कितीतरी कामगार वाट बघून गेले, आता त्यांची मुलं, सुना कागदपत्रं घेऊन फिरतायत. त्या घरांच्या लढ्यातही वेगवेगळ्या संघटना. पुण्याच्या पंचायतीने भाकर केंद्र आधी काढलं हे मला पटतं, आमच्याकडे खाणावळवाल्या बायकांना हिशोबात धरायला हवं होतं. संपाच्या आधी चूल, असा क्रम पाहिजे होता.

वेचणारीचा_लेक:
मी सहसा वाचूनच सोडतो पण यावर लिहावंसं वाटलं. माझी आई कचरा वेचायची. पहाटे पोतं घेऊन निघायची तर पोलीस अडवणार, सोसायटीचे वॉचमन चोर म्हणून हाकलणार, कुठे नळ-तोटी चोरीला गेली की पहिला हात हिच्यावर. 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना झाली, पुढे ओळखपत्र मिळालं. प्लॅस्टिकचं साधं कार्ड, त्यावर फोटो आणि नाव. आमच्याकडे तोपर्यंत तिचा एकटीचा असा फोटोच नव्हता. ती ते कार्ड झोपताना उशीखाली ठेवायची. पगार वाढला का? लगेच नाही. पण अडवलं की ती कार्ड दाखवून विचारायला लागली, साहेब माझा गुन्हा काय ते सांगा. 2008 पासून वेचणाऱ्यांची स्वच्छ सहकारी संस्था आणि महापालिका यांचा करार झाला, दारोदार कचरा गोळा करायचं काम या बायकांचं झालं, घरटी शुल्क ठरलं. आता दर वेळी कराराची मुदत संपत आली की मोठ्या कंत्राटदाराला द्या अशी कुजबुज सुरू होते. गाडी आली की शहर आधुनिक दिसतं हे मान्य, पण ओल्यातून सुकं हाताने वेगळं कोण करणार? आणि या हजारो बायकांची घरं कशावर चालणार?

हिंजवडी_शिफ्ट:
सगळं वाचलं. वेचणारीचा_लेक, तुमच्या आईंना मनापासून नमस्कार. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीला, आमच्याकडच्या मावशी अचानक चार दिवस येत नाहीत, मग मुलीला कोण बघणार? त्यांना हक्क हवेत, मान्य, पण आम्हीही वर्किंग फॅमिलीच आहोत, ईएमआयवर जगणारी. आमची बाजू कोणती संघटना घेते?

कामगारवस्ती:
तुमची अडचण खरी आहे, आणि उपाय मावशींच्या संघटनेतच आहे. 1980 ला पुण्यात घरकामाच्या बायकांनी काम बंद केलं होतं, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या काय तर ठरलेली सुट्टी, आजारपणाचे पैसे कापू नका, दिवाळीला एक पगार बोनस. सुट्टी ठरलेली असली की तुम्हालाही आधी कळते. अचानक दांडी का पडते? सुट्टी मागितली की काम जाईल ही भीती असते म्हणून. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 ला झाला पण ते मंडळ धड चालत नाही, आणि ते चालावं म्हणून तुमच्यासारख्यांनीही आवाज दिला तर लवकर होईल. मुलीला बघायला वस्तीत आणि सोसायटीत पाळणाघर हवं, ही मागणी तुमची आणि मावशींची एकच आहे.

दुचाकीवरचा:
आमच्यासाठी पण कोणीतरी लिहा. मी डिलिव्हरी करतो. ॲप मला पार्टनर म्हणतं, म्हणजे वर भवानीपेठकरांनी लिहिलंय तसंच, मालक कोणीच नाही. लॉगआऊट आंदोलन, म्हणजे सगळ्यांनी मिळून ॲप बंद ठेवलं की दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरांची आयडी बंद. कोणाशी भांडायचं, चॅटबॉटशी? माथाडीसारखं मंडळ आमच्यासाठी का होऊ शकत नाही? प्रत्येक ऑर्डरमागे कंपनीने लेव्ही भरायची, पाच ॲपवर काम केलं तरी खातं एकच. अपघात झाला तर निदान हॉस्पिटलचं बिल निघेल.

भवानीपेठकर:
अगदी हेच. राजस्थानने 2023 ला गिग म्हणजे तुमच्यासारख्या ॲपवरच्या कामगारांचा कायदा केला त्यात मंडळ, नोंदणी आणि व्यवहारामागे कल्याण शुल्क हेच आहे. महाराष्ट्राकडे 1969 पासूनचा अनुभव असताना आपण मागे का, हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा. कायदा रद्द करण्यापेक्षा तो रायडरपर्यंत नेला पाहिजे.

आडत_तिसरीपिढी:
रायडरचं मला पटलं. कंपनीने भरावेच पैसे. पण माझा मुद्दा राहिलाच. तुम्ही वाराईवर एक शब्द बोलला नाहीत. नोंद असलेल्या टोळीनेच रोख घेतले तर ड्रायव्हरने जायचं कुठे? मंडळाच्या नावाची छापील पावती, दर गाळ्याबाहेर पाटीवर, आणि तक्रार केली म्हणून दुसऱ्या दिवशी माझा माल अडायचा नाही, एवढं पंचायतीने आपल्याच माणसांकडून करून घ्यावं. ते झालं तर कायद्याच्या बाजूने सही करायला मी येतो, तोवर नाही.