मदत हवी आहे : कोविड वॉर्डात काम केलेल्या बहिणीसाठी मानसोपचारतज्ज्ञ (जळगाव/धुळे)

माझी मोठी बहीण स्टाफ नर्स आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ती कोविड वॉर्डात होती. ऑक्सिजनवरच्या पेशंटच्या तोंडासमोर फोन धरून घरच्यांशी बोलणं करून द्यायची. त्यातले कितीतरी परत घरी गेलेच नाहीत. आता व्हिडिओ कॉलची रिंग वाजली तरी ताई उठून मागच्या दारी जाते. झोप मोडलेली. भरीत आणि कळण्याची भाकरी म्हणजे तिचा जीव की प्राण, पण हल्ली चार घास खाऊन ताट सारते. "मी असून उपयोग काय," असंही परवा म्हणाली. तेव्हापासून आम्ही तिला एकटं सोडत नाही.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर तिला दिलाय. मराठीत बोलता येतं, पण ती लावत नाही. ड्युटीवर कळलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, हे सांगूनही पटत नाही.

जळगाव किंवा धुळ्यात शांतपणे ऐकून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाच्या माहितीत आहेत का? महिला डॉक्टर असतील तर फार बरं. आणि इथं कुणी नर्स, ब्रदर, आशाताई यातून गेले असतील, तर ताईशी बोलाल का? आमच्यापेक्षा तुमचं ती ऐकेल. या आठवड्यातच दाखवायचंय, कृपया लवकर कळवा.